साडेचारच्या वरची लाट

"वानखडे, इकडे या. ही रेघ बघा. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत अशी रेघ पाहिली नाही मी."

धारप साहेब आलेखाच्या कागदावर वाकले होते आणि मुलीचं लग्न ठरल्यासारखे खुशीत होते. कागदावर अकरा टिंबं होती. एका पावसाळ्यातली सगळ्यांत उंच लाट म्हणजे एक टिंब. १९८१ पासून त्या वर्षापर्यंतचे अकरा पावसाळे. सगळी टिंबं पट्टीच्या कडेला शाळेतल्या मुलांसारखी रांगेत उभी होती. अशी रेघ मिळाली की ती तशीच पुढे ओढायची, शंभर वर्षांच्या खुणेपर्यंत न्यायची आणि तिथला आकडा वाचायचा. शंभर वर्षांत एखादे वेळी येईल अशी ती लाट. किनाऱ्यावरची भिंत तिच्या हिशेबाने बांधायची.

"चार पूर्णांक आठ मीटर," साहेब म्हणाले. "म्हणजे तीन टनी दगड पुरे. तो तिथल्या खाणीतच मिळतो. वीस वर्षं भिंत मागतायत ते सडेबंदरचे लोक. शुक्रवारी समिती बसतेय, मार्चच्या आत काम सुरू. तुमची सही तेवढी राहिलीय."

मी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

टिंबं मीच मांडली होती. सडेबंदरच्या टेकडीवर आमच्या सागरी संशोधन केंद्राचा एक निरीक्षक होता. तो पावसाळाभर दुर्बिणीतून लाटा मोजायचा आणि महिन्याच्या महिन्याला त्याचं रजिस्टर आमच्याकडे यायचं. कुठल्या वर्षी ४.५, कुठल्या वर्षी ४.०, ४.३, ४.१, ४.४. अकरा वर्षांत एकदाही साडेचारच्या वर नाही. माझं डोकं तिथेच अडकलं होतं. समुद्र कधी इतका शहाण्यासारखा वागतो का?

"सर, एकोणनव्वदच्या जुलैत शेजारच्या बंदरात धक्क्याचे दगड उखडून पडले होते. त्या आठवड्यात आपल्या रजिस्टरात चार पूर्णांक चार आहे."

"धक्का जुना असेल."

"मी जाऊन येते."

"डिसेंबरात? आता तिथे नुसती वाळू आहे. काय बघणार तुम्ही?"

"रजिस्टर लिहिणारा माणूस तर असेल."

साहेबांनी चष्मा काढला. "वानखडे, तुम्हाला सुख दुखतं. गुरुवारी सकाळी टेबलावर हजर राहा."

ते काही खोटं नव्हतं. पायाला भिंगरी बांधून जन्माला आलीय, असं आई माझ्याबद्दल पाहुण्यारावळ्यांत सांगायची. त्यातून त्या आठवड्यात तर मला धड चहासुद्धा बसून पिता येत नव्हता. कपाळावर आठी घेऊन मी एसटीत चढले आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी सडेबंदरला उतरले.

माडांच्या रांगेखाली वाळूवर त्रेचाळीस घरं होती. घरांपुढे ओढून ठेवलेल्या होड्या आणि होड्यांपुढे पाणी. सगळ्यांत पुढच्या घराच्या पायरीपासून पाण्यापर्यंत मी पावलं मोजली. तीस भरली. तिथे आमची भिंत उभी राहणार होती.

निरीक्षकाचं नाव दाजी तारी. वय पंचावन्नच्या आसपास, अंगात इस्त्रीचा खाकी शर्ट, पायात काही नाही. मी नाव सांगितलं. "वानखडे मॅडम," असं त्यांनी एकदा स्वतःशीच म्हणून पाहिलं आणि माझ्या हातातली बॅग घेतली.

टेकडीवरच्या केबिनमध्ये खिडकीपाशी पितळी दुर्बीण पक्की बसवलेली होती. तिच्या काचेवर आडव्या रेघा कोरलेल्या. समोर अर्ध्या मैलावर समुद्रात एक लाल पिंप नांगरून ठेवलेलं होतं. लाट आली की पिंप चढतं, गेली की उतरतं. किती रेघा चढलं आणि किती उतरलं, तेवढी लाटेची उंची. दर तीन तासांनी दहा मिनिटं दुर्बिणीला डोळा लावून बसायचं आणि सगळ्यांत मोठी लाट लिहायची. तारींनी हे सगळं मला नीट करून दाखवलं. माणूस कामात पक्का होता, त्यामुळे मी जास्तच अस्वस्थ झाले.

"साडेचारच्या वर कधी गेलंच नाही हे पिंप?"

"रजिस्टरात काय असा, मॅडम?"

"रजिस्टर मला पाठ आहे. मी तुम्हाला विचारतेय."

"रजिस्टरात असा ताच."

"एकोणनव्वदच्या जुलैत?"

"चार-चार."

"शेजारच्या बंदरात धक्का फुटला त्या दिवशी?"

"रजिस्टरात बघा," तारी म्हणाले आणि दुर्बिणीच्या काचेवरची नसलेली धूळ पुसू लागले.

मला राग लवकर येतो आणि आला की लपवता येत नाही. एवढ्याशा केबिनमध्ये मी चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे करत राहिले. खाली लोकांची घरं आहेत, तुम्ही इथलेच आहात, आकडा चुकला तर भिंत तुमच्याच अंगावर पडेल, असं बरंच काही बोलले. तारी ऐकून घेत होते. माझं बोलून संपल्यावर म्हणाले, "जेवन घेवया. ती वाट बघत असतली."

ती म्हणजे त्यांची बायको, अनसूयाबाई. घर खालच्या वाडीतच, दुसऱ्या रांगेत. त्यांनी पाट मांडला, बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला आणि मला काट्यांशी झटापट करताना बघून हसू दाबलं.

"मॅडम खयच्या?"

"वाशीमची. विदर्भ."

"थय दर्यो नाय?"

"विहिरीला पाणी असलं तरी पुष्कळ."

त्यावर त्या मोकळ्या हसल्या आणि माझ्याजवळ सरकून बसल्या. "तुमी हापिसातली मोठी माणसा. ह्येंका जरा सांगा. पावसात ह्ये उपास करतत, ता आता बंद करा म्हणान सांगा. वय झाला."

"कसला उपास?"

"ताच माका कळना नाय. एकादशी नाय, संकष्टी नाय. वारो सुटलो, दर्यो खवळलो, की वरसून रजिस्टर लिवन येतत आणि ताटार बसनत नाय. एकोणनव्वदात तर तीन दिस नुसत्या पाण्यार ऱ्हवले. अकरा वर्सा ह्या असाच चल्ला."

"गप ऱ्हव गो," तारी म्हणाले.

"गप कित्याक? दर्याक शांत करूक कोण उपास करता?"

माझा हात ताटातच थांबला. त्या माणसाकडे मी आता पहिल्यांदा नीट बघितलं. तारी खाली मान घालून भात कालवत होते.

"तारी, खोटा आकडा लिहिला की तुम्ही जेवत नव्हता?"

अनसूयाबाईंनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तारी उठले, हात धुतले, आतल्या खोलीत गेले. ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आले तेव्हा त्यांच्या हातात रजिस्टरचं एक पिवळं पान होतं. त्यांनी ते माझ्या पाटाशेजारी ठेवलं.

जुलै १९८१. एका ओळीत ६.८ लिहिलेलं. त्यावर तांबड्या शाईची काट. शेजारी त्याच शाईत: 'असंभवनीय. निरीक्षकाने डोळे तपासून घ्यावेत. खुलासा करावा.' खाली आद्याक्षरं, र. वा.

रजनी वानखडे.

नोकरीला लागून मला तेव्हा तीन आठवडे झाले होते. निरीक्षकांची रजिस्टरं तपासायचं काम नवीन माणसाला देत. मी बावीस वर्षांची, परीक्षेत पहिली आलेली आणि समुद्र तोवर फक्त कॅलेंडरवर पाहिलेली मुलगी होते. पुस्तकात त्या किनाऱ्यासाठी जास्तीत जास्त पाच मीटर लिहिलं होतं. मी काट मारली, वर ते डोळ्यांचं लिहिलं, पान खुलाशासाठी परत धाडलं, मनातल्या मनात स्वतःवर खूश झाले आणि विसरून गेले. त्या ओळीत मग दुसऱ्या कुठल्या तरी दिवसाचा साडेचार बसला आणि तोच माझ्या आलेखावरचा पहिला ठिपका झाला होता.

"इथल्या सायबान माका सिव्हिलात धाडल्यान," तारी सांगू लागले. "डोळे तपासूक. आख्ख्या बाजारात झाला, दाजीक दिसना नाय म्हणान. डॉक्टरान लिवन दिल्यान, डोळे बरे असत. तो दाखलो घेवन गेलंय. साहेब म्हणालो, परत असलो आकडो इलो तर दुसरो माणूस बघतलंय. साडेचार तेवडो कोणी खोडलो नाय. मगे मी साडेचारच्या भुतूरच ऱ्हवलंय."

लाज वाटली, हे लिहायला सोपं आहे. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. खोटं बोलला म्हणून सकाळपासून ज्या माणसावर मी डाफरत होते, त्याला खोटं बोलायला मीच शिकवलं होतं.

"सकाळी नाव सांगितलं तेव्हाच तुम्ही ओळखलंत?"

"व्हय."

"मग बॅग कशाला उचललीत माझी?"

"पाहुणे ना तुमी," तारी म्हणाले.

अनसूयाबाईंनी ते पान उचललं. त्यांना वाचता येत नव्हतं. तांबड्या शाईवरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला आणि पान नवऱ्याच्या हातात दिलं. मला वाढायच्या त्या थांबल्या.

मी ओसरीवर येऊन वही काढली. "खरे आकडे सांगा."

"आता कशाक?"

"सांगा, तारी."

ते पायरीवर बसले आणि समुद्राकडे बघत सांगू लागले. एक्याऐंशी सहा-आठ, ते माझ्यासमोरच होतं. ब्याऐंशी पाच-दोन, त्या दिवशी नारायणाची होडी फुटली. पंच्याऐंशी पाच-नऊ, शाळेत पाणी शिरलं. एकोणनव्वद सहा-नऊ, सगळी वाडी तीन दिवस वरच्या देवळात होती. एकही आकडा त्यांना आठवावा लागला नाही. मला मात्र शंका खात होती. माणसाच्या आठवणीतला मासा वाढत जातो, मग लाट का नाही वाढणार? मी मुद्दाम मधलंच वर्ष विचारलं, "शहाऐंशी?"

"त्या वर्सा काय नाय. चार-आठ."

फुगवून सांगणारा माणूस एखादं वर्ष असं सपाट सोडत नाही. मी गुडघ्यावर वही धरून टिंबं मांडली. आता ती रांगेत राहीनात. कशीबशी त्यांच्यामधून रेघ काढली, पुढे शंभर वर्षांपर्यंत नेली. सात पूर्णांक सात.

लाट दुप्पट झाली तर भिंतीचा दगड दुपटीने जड करून भागत नाही, आठपट जड लागतो. चार-आठच्या जागी सात-सात म्हणजे तीन टनी दगडाच्या जागी बारा टनी. मी तीनदा गुणाकार केला. मग अंगणात फेऱ्या मारत पुन्हा तोंडी केला.

"किती इले?" तारींनी विचारलं.

"बारा टन."

तारी त्या खाणीत तरुणपणी कामाला होते. ते लगेच म्हणाले, "असलो दगड खाणीत सुटना नाय. क्रेन ह्या उतारान खाली येवची नाय. म्हणजे भिंतच नाय."

मी वही मिटली.

"मॅडम, तुमी विचारलात, मी सांगलंय. आता विसरा. चार-आठचीच बांधा."

"ती टिकणार नाही."

"नसल्यापरीस बारकी बरी," आतून अनसूयाबाई म्हणाल्या आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. "वीस वर्सा अर्ज करतो आमी. बारकी लाट तरी अडात."

"आणि मोठी आली तर?"

"ती आजपण येता. आमी देवळात जातो, लाट गेली की परत येतो."

"भिंत झाली की नाही जाणार तुम्ही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणता येत नव्हता. "सरकारने भिंत बांधलीय म्हणून घरात झोपून राहाल. आणखी दहा घरं पुढे बांधाल. आणि एक दिवस त्या दगडांसकट लाट घरात येईल."

"तुमका दर्यो किती कळता?" अनसूयाबाईंनी विचारलं.

मी चपला पायात सरकवल्या.

अडचण अशी होती की चार-आठ हा आकडा सगळ्यांच्याच सोयीचा होता. वाडीला भिंत मिळत होती, साहेबांना रेघ मिळत होती, तारींची नोकरी शाबूत राहत होती आणि माझी तांबडी शाई ट्रंकेत बंद राहत होती. सही करायची, एवढंच. त्रेचाळीस घरं आशेने बसली होती आणि त्यांच्या आड येणारी मी एकटीच होते, तीही चुकलेली.

तारी मला एसटीपर्यंत सोडायला आले. बॅग त्यांनीच घेतली होती. गाडी दिसल्यावर म्हणाले, "शेवटी तुमच्या हातात असा. आकडो खोडूक तुमका येता."

एवढं एकच वाकडं वाक्य ते मला बोलले. परतीच्या सगळ्या वाटेवर मी ते चघळत होते. खिडकीशी बसले, मधे बसले, शेवटी दांडा धरून उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "बाई, जागा आहे की!" मी म्हणाले, "असू दे."

गुरुवारी सकाळी मी अहवाल पुन्हा लिहिला. शंभर वर्षांची लाट ७.७ मीटर. खाली टीप: 'सन १९८१ मधील ६.८ मीटर हे वाचन खाली सही करणारीने अज्ञानाने रद्द केले व निरीक्षकाचा अपमान केला. त्यामुळे पुढील सर्व मोठी वाचने कमी लिहिली गेली. यात निरीक्षकाचा दोष नाही.'

धारप साहेबांनी टीप दोनदा वाचली. "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय, वानखडे. तोही बारा टनी."

"हो सर."

"एका माणसाच्या आठवणीवर तुम्ही अकरा वर्षांचं रजिस्टर रद्द करताय. समिती हसेल."

"सहा-आठ आठवणीतलं नाही. ते त्याच दिवशी लिहिलेलं आहे, माझ्या शाईखाली. आणि शेजारचा धक्का काही आठवणीने फुटला नाही."

"भिंत जाईल, कळतंय ना? तुम्ही त्या लोकांना वाचवत नाही आहात, त्यांच्या तोंडचा घास काढताय."

"कळतंय," मी म्हणाले. ते खरंच कळत होतं. तरी मी सही केली.

समितीला चाळीस मिनिटं लागली. बारा टनी काँक्रीटचे ठोकळे ओतायचे, ते उतरवायला रस्ता करायचा, भिंतीच्या पायालाच पहिल्या रांगेतली घरं आणि होड्यांची जागा जाणार. भिंत रद्द. त्याऐवजी वाडी उचलून वर सड्यावर, कातळाच्या पठारावर वसवावी, असं ठरलं. तारींना कोणी काही विचारलं नाही. मला तांत्रिक कामावरून काढून ग्रंथालयात बसवलं, तिथे मी चार वर्षं कपाटांमधून येरझारा घातल्या.

तीन वर्षांनी वाडी हलली. त्रेचाळीस घरं कातळावर, पत्र्याची, एका मापाची. होड्या खालीच राहिल्या. जाळी डोक्यावर घेऊन दोनशे दहा पायऱ्या उतरायच्या आणि चढायच्या. मुलं मुंबईला, गोव्याला गेली. हे मला पत्रांवरून, पेपरांवरून कळत होतं. मी तिकडे गेले नाही. धीर झाला नाही.

गेले ते वीस वर्षांनी, निवृत्त व्हायला सहा वर्षं उरली असताना. अनसूयाबाईंनी मला ओळखलं, पाण्याचा तांब्या समोर ठेवला आणि आत गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत. तारी पंचाहत्तरीच्या पुढे गेले होते. आम्ही सड्याच्या कडेला जाऊन बसलो. खाली माड होते, माडांच्या पायाशी घरांचे मोकळे चौथरे, आणि त्यांच्या पुढे पाणी.

विचारायचं धाडस मला होत नव्हतं. त्यांनीच विषय काढला.

"इली नाय."

"वीस वर्षांत?"

"सहाच्या वर दोनदा गेली. ती आमका पूर्वीपण येय. देवळात बसान काढली असती. तुमची सात-सात नाय इली." ते माझ्याकडे वळले. "येतली काय ता खरा सांगा."

"दर वर्षी शंभरात एक, तारीकाका. गेली वीस वर्षं आली नाही म्हणून पुढच्या वर्षी जास्त नाही आणि कमीही नाही."

"म्हणजे नाय येवक पण शकता."

"हो."

"आमी मरासर."

"हो."

त्यांनी मान हलवली. रागावले असतील तर चेहऱ्यावर दिसत नव्हतं. मग म्हणाले, "रोज सकाळी उठान हयसून खाली बघतंय. इली नाय ह्या बघून बरा वाटता. आणि मगे तुमचो राग येता."

वीस वर्षं मी जे कुणाला सांगितलं नव्हतं ते मला तिथे बसून सांगावंसं वाटलं. जून उजाडला की मी पेपरात आधी सडेबंदरचं नाव शोधते. सप्टेंबर संपला की वर्ष फुकट गेल्यासारखं वाटतं.

"माझं उलटं आहे," मी म्हणाले. "मी वाट बघते तिची. एकदा यावी, असं वाटतं."

तारींनी खालच्या मोकळ्या चौथऱ्यांकडे बोट केलं.

"येवंदे मगे," ते म्हणाले. "थय आता आमी कोण नाय."